कव्हराच्या आतली बाजू

पुस्तक पूर्ण वाचून झाल्याशिवाय त्याचं खाकी कव्हर काढायचं नाही. हा नियम मी आणि माझ्या थोरल्या बहिणीनं केला होता आणि चाळीस वर्षं पाळला. ती मौद्याजवळच्या एका गावात, धानाची शेती असलेल्या घरात दिलेली. मी नागपुरात, एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून, आता निवृत्त. माझं लग्न झालं नाही आणि त्याबद्दल मी कुणाला कधी खुलासा दिला नाही, तेव्हा इथेही देत नाही.

कव्हराची सवय शाळेपासूनची. ताई माझ्यापुढे एक वर्ग होती. तिची पुस्तकं दरवर्षी जूनमध्ये माझ्याकडे यायची. आई जुनं कव्हर काढून नवं घालायला बसली की आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेलं सापडायचं. ‘गणिताच्या बाई कान पिळते. सातवं उदाहरण पाठ करून ठेव.’ ‘भूगोल सोपा आहे, नकाशे कठीण आहेत.’ ‘हा धडा वाचून मले रडू आलं, तुले बी येईन.’ आई म्हणायची, कागद नासवला मेलीनं. पण मला पुढच्या वर्गाची भीती कधी वाटली नाही. पुढे काय वाढून ठेवलंय ते ताईनं आधीच सांगून ठेवलेलं असायचं.

दहावीनंतर तिचं लग्न झालं. त्यामुळे अकरावीची पुस्तकं मला कोरी करकरीत मिळाली. मैत्रिणी माझा हेवा करत होत्या. मी घरी येऊन एकेका पुस्तकाचं कव्हर उचकटून पाहिलं, आणि आत काहीच नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा ताई सासरी गेल्याचं मला खरं रडू आलं.

पुढे मी नोकरीला लागले आणि सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणू लागले. ताईकडे पाठवू लागले. कधी मौद्याच्या एस.टी.नं कुणाच्या हाती, कधी दिवाळीला मीच पिशवी भरून. पुढे तिचा मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला लागला. तो सुट्टीला घरी जाताना आमची ने-आण करायचा. पुस्तक जिनं घेतलं तिनं कव्हर घालायचं, वाचायचं, कव्हर काढून आतल्या बाजूला वरच्या अर्ध्या भागात आपलं मत लिहायचं, परत घालायचं आणि धाडायचं. दुसरीनं वाचून झाल्यावर ते उघडायचं आणि खालच्या अर्ध्यात लिहायचं.

वाचून झाल्यावरच उघडायचं, ही अट नंतर आली. ताईनं एकदा माझी आवड म्हणून एक खुनाची कादंबरी पाठवली. मला दम कुठे! मी पंचवीस पानं वाचली आणि कव्हर उचकटलं. आत लिहिलं होतं, ‘दिवाणजीनं मारलं हे मले दहाव्या पानावरच समजलं. तो एकटाच मानूस सगळ्यायशी गोड बोलते.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या भेटीत मी तिच्याशी अर्धा दिवस बोलले नाही. ती शेंगा सोलत म्हणाली, “तूच चोरून पाह्यलं अन् तूच रुसून राहिली? आता शपथ घे. पुस्तक पुरं झाल्याबिगर कव्हर उघडाचं नाही.” मी शपथ घेतली. जगात दुसऱ्या कुठल्या शपथेला मी इतकी जागले नसेन.

आमच्या आवडी म्हणजे दोन टोकं. मी कादंबऱ्यांवर पोसलेली. ताईला ‘खरं’ पाहिजे असायचं. साप, पाऊस, माती, दवाखाने, तुरुंग, कुणाचं आयुष्य. ती म्हणायची, “मह्या जवळ एकच जनम आहे. त्यात खोटं काहून वाचू?” मी म्हणायची, खरं तर रोजच दिसतं, ते पुन्हा कागदावर कशाला? यावर आम्ही इतक्या वेळा भांडलो की तिचे यजमान पाणी मागायलाही आत येत नसत. ते जाऊन आता सहा वर्षं झाली. आमचा एक श्रोता गेला.

तिची मतं मी आता इथे उतरवून ठेवते, कारण ती कुठे छापून येणार नाहीत. ती लिहितानाही बोलल्यासारखीच लिहायची.

एका घराण्याच्या तीन पिढ्यांची मोठी कादंबरी होती, मला अतिशय आवडलेली. मी वर लिहिलं होतं, ‘यातला शेवटचा अर्धा तास मी श्वास रोखून वाचला.’ खाली ताई : ‘पाचशे पानं झाले, पन एकाही बाईनं भाजी नाही चिरली. हे लोकं खातेत काय? सगळेच्या सगळे खिडकीत उभे राहून दुःख करतेत.’ मी चिडले. पण त्यानंतर कुठलीही कादंबरी हाती घेतली की मी नकळत स्वयंपाकघर शोधू लागले, आणि बहुतेक ठिकाणी चूल थंडच निघाली.

एका निवृत्त मोठ्या साहेबाचं आत्मचरित्र तिनं घेतलं होतं. मला वाटलं आता ती भारावणार. तिचं मत एका ओळीचं : ‘सायेब कधीच चुकला नाही, म्हनून मले काहीच शिकाले नाही भेटलं.’ मी खाली लिहिलं, ‘बरोबर.’ आम्हा दोघींचं एकमत झालेलं हे पहिलं पुस्तक.

पहाटे चारला उठलं की माणूस यशस्वी होतो, असं सांगणारं एक पुस्तक मला ऑफिसातल्या निरोप समारंभात मिळालं होतं. मी ते तिला खोडीनं पाठवलं. ‘मी तीस वर्षं चारलेच उठून राहिली,’ तिनं लिहिलं. ‘या लेखकाले म्हनाव, एक डाव येऊन पाह्य.’

सापांवरच्या पुस्तकावर मात्र तिनं पूर्ण अर्धा भाग भरून लिहिलं होतं. लिहिणारा माणूस बारा वर्षं साप पकडून जंगलात सोडत होता आणि त्याला दोनदा चावले होते. ‘हा मानूस कुठं कुठं भ्याला ते सांगते. म्हनून मी त्याच्या बाकीच्या गोष्टी बी खऱ्या मानल्या.’ हे वाक्य मला फार आवडलं. पुस्तकांची परीक्षणं करणारी माणसं मी ऑफिसात पुष्कळ पाहिली. नाकानं कांदे सोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण इतकी साधी कसोटी मी त्यांच्यापैकी कुणाकडून ऐकली नाही.

कविता तिला कळत नसत असं ती म्हणायची. एका संग्रहावर लिहिलं होतं, ‘काही समजलं नाही. पन बावीस नंबरची मी तीनदा वाचली अन् मंग धान पाखडाले गेली. दिवसभर डोक्यात होती.’ यालाच कविता कळणं म्हणतात, हे मी तिला सांगितलं तर ती हसली. “मंग सगळेच काहून भाषण देऊन राहिले?”

माझ्या कादंबऱ्यांच्या शेवटांवर तिचा विशेष राग. नायिका मरणार मरणार असं वाटत असताना शेवटच्या दहा पानांत सगळं जुळून येतं, अशी एक कादंबरी होती. मलाही तो शेवट पटला नव्हता, मी तसं लिहिलंही होतं : ‘लेखकाला धीर झाला नाही.’ ताईनं खाली लिहिलं, ‘खोटं लिहाचं त असं लिव्ह का पकडल्या नाही गेलं पाह्यजे. हा लेखक भेकड आहे.’

हे वाक्य माझ्या मनात राहून गेलं. ते पुढे का सलायचं होतं, ते सांगते.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ताईच्या पोटात दुखू लागलं. आधी गावात, मग मौद्याला औषध झालं. मग भाच्यानं तिला नागपूरला आणून तपासण्या केल्या. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी होते, तेव्हा तो रिपोर्टची पिशवी छातीशी धरून खाली आला. मोठा माणूस, दोन लेकरांचा बाप. तोंड लहान झालेलं.

“मावशी, आता काही होत नाही म्हन्ते डॉक्टर. पसरलं आहे. चार मयने, लय झालं त सहा.” मग माझा हात धरला. “आईले काही सांगू नोको. तिले आम्ही अल्सर सांगतलं आहे.”

मी म्हटलं, “अरे, ती वेडी आहे का? तिले समजन.”

“समजू दे. पन आपल्या तोंडून नोको. ती हिंमत सोडन. तुह्या पाया पडतो, मावशी.”

मी कबूल केलं. आमच्याकडे असंच करतात. आजारी माणसाभोवती सगळे मूग गिळून बसतात आणि यालाच माया म्हणतात. आमच्या आईच्या वेळी केलं, वडिलांच्या वेळी केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ताईचे एक चुलतसासरे दवाखान्यातच म्हणाले आणि सगळ्यांनी मान डोलावली. मी पण.

ताई काही दिवस गावी परत गेली, मग दवाखाना जवळ पडतो म्हणून माझ्याकडे राहायला आली. एक कपड्यांची पिशवी, एक पुस्तकांची. पुढच्या खोलीत कूलरसमोर मी तिचा पलंग टाकला. खिडकीतून मेट्रोचा पूल दिसायचा. गाडी गेली की ती म्हणायची, “गेली पाह्य, रिकामीच.” डबे मोजायची. दुपारची रिकामी, सहाची भरलेली. तिला तीन-चार दिवसांत मेट्रोचं वेळापत्रक पाठ झालं.

औषधांनी तिच्या डोळ्यांवर परिणाम झाला होता. अक्षरं एकमेकांत मिसळतात म्हणायची. आठवड्याभरानं तिनं पिशवीतून एक पुस्तक काढलं. खाकी कव्हर घातलेलं, कोपरे नखानं दाबून घट्ट बसवलेले, जसे तीच बसवायची.

“हे आपलं वाचाचं राहिलं,” ती म्हणाली. “आता मले अक्षर दिसत नाही. तू मोठ्यानं वाच. पुरं वाचजो.”

मला वाटलं तिचंच वाचायचं राहिलं असेल. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती खोटं बोलली नसती.

कोकणातल्या एका नर्सबाईंची ती आठवणींची वही होती, म्हणजे तशी लिहिलेली. चौतीस वर्षं दवाखान्यात काढलेली बाई. पहिल्या पानापासून मला पुस्तक आवडलं, आणि मी खऱ्या पुस्तकांना नावं ठेवणारी आहे. बाईंना भाषा वळवता येत नव्हती, त्यामुळे त्या वळवायला गेल्याच नाहीत. बेडपॅन, रात्रपाळी, बाळंतिणी, एका म्हाताऱ्यानं मरताना मागितलेला फणसाचा गरा. दुपारी जेवण आटोपलं की मी कूलरचा आवाज कमी करायची आणि वाचायची. ताई डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच बोट वर करायची. बोट वर म्हणजे ते वाक्य पुन्हा.

“या बाईले समजते,” ती एकदा म्हणाली. “पाह्य, पेशंटले खरं सांगाची पाळी आली का ती आधी खुर्ची वढून बसते. उभ्यानं सांगत नाही.”

मी म्हटलं, “हो.” आणि पान उलटलं.

पुस्तकाच्या तिसऱ्या भागात नर्सबाई स्वतःच आजारी पडतात. मी दचकले. रोज दुपारी वाचायचं ते मी सकाळी आधी चाळून ठेवू लागले. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. शेवटची दोन प्रकरणं उरली तेव्हा मी सकाळी स्वयंपाकघरात उभ्यानं त्यांतलं पहिलं पान वाचलं. बाईंच्या बरोबरची एक जुनी नर्स खुर्ची ओढून त्यांच्यापुढे बसते. इतकंच वाचलं आणि पुस्तक मिटलं. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मला काय करावं कळेना. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, “ते पुस्तक बंद कर ना मावशी. दुसरं वाच.” पण ताईनं पुरं वाचजो म्हटलं होतं. अर्धवट सोडलं तर तिनं लगेच विचारलं असतं, काहून?

म्हणून मी तिला शेवट बनवून सांगितला.

दुपारी पुस्तक समोर धरलं, डोळे ओळींवर ठेवले आणि तोंडानं दुसरंच बोलले. चाळीस वर्षांच्या कादंबऱ्या कामाला आल्या. ताप उतरला. नवे रिपोर्ट आले, ते चांगले आले. गाठ साधी निघाली. बाईंनी दोन महिने माहेरी आराम केला, आंबे खाल्ले. मग एका सोमवारी पांढरी साडी नेसून त्या कामावर रुजू झाल्या आणि वॉर्डातल्या सगळ्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. मधून मधून मी पानंही उलटत होते, ती चुकू नयेत म्हणून मोजून. ताईचं बोट एकदाही वर आलं नाही.

वाचून झालं. कूलर घरघरत होता. ताईनं डोळे उघडले.

“टाळ्या वाजवल्या?”

“हो.”

“दवाखान्यात कोनी टाळ्या वाजवते का वं?”

मी म्हटलं, “असं लिहिलं आहे.”

ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. तिला माझा चेहरा नीट दिसत नव्हता, हे मला माहीत होतं. तरी मी मान वळवली आणि मेट्रो गेली का ते पाहिलं.

“झालं मंग पुस्तक,” ती म्हणाली. “कव्हर काढ. आत लिव्ह.”

शपथ होती. पुस्तक पुरं झाल्याशिवाय कव्हर उघडायचं नाही, आणि माझं पुरं झालं नव्हतं. तिला वाटत होतं झालं, पण मला तर माहीत होतं. गंमत पाहा, बहिणीला तोंडावर थाप मारताना मला काही वाटलं नाही, आणि कव्हर उघडायला माझा हात धजेना. त्या क्षणी मला वाटलं की एवढा एक नियम तरी मी मोडलेला नाही.

“नंतर लिहिते,” मी म्हटलं. “आधी तुले ताक देते.”

“उघड ना वं. आताच उघड.”

“नंतर, ताई.”

ती भिंतीकडे तोंड करून पडली. मी ताक घेऊन आले तेव्हा तिनं घेतलं, अर्धं प्याली, आणि म्हणाली, “हिंग जास्त झाला.” पुस्तकाबद्दल ती त्यानंतर बोलली नाही. मी दुसरं काढलं, पक्ष्यांवरचं, तिच्या आवडीचं. दोन दिवस वाचलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “राहू दे. आता नोको वाचू. नुसती बस.”

मी नुसती बसत असे. पण नुसतं बसणंही मला जमलं नाही. सारखी उठायचे. पाणी, औषध, पडदा, दार. मी एका जागी बसले तर ती काहीतरी विचारेल, अशी मला धास्ती वाटायची. तिनं विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाली, “तू लय धावपळ करतं. लहानपनी अशी नव्हती.”

तो खोटा शेवट वाचल्यापासून बाराव्या दिवशी सकाळी ताई गेली. मी मेट्रोचा आवाज ऐकत तिच्या पायाशी बसले होते. भाचा बुटीबोरीहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तो रडत रडत म्हणाला, “तिले शेवटपर्यंत समजलं नाही ना मावशी? शांत गेली ना?” मी हो म्हटलं.

तेराव्यानंतर तिची पिशवी भाच्यानं नेली. ते पुस्तक माझ्या कपाटात राहिलं. मी त्याला हात लावला नाही. इतरही काही वाचू शकले नाही. कादंबरी उघडली की पहिल्या पानावरच लेखक आपल्याला फसवणार असं वाटायचं, आणि खरं पुस्तक उघडायची तर माझी छाती नव्हती. वाचनाशिवायचं माझं आयुष्यातलं ते पहिलं वर्ष. लोक म्हणाले, काळ औषध आहे. मला काही तसा गुण आला नाही.

मागच्या महिन्यात वर्षश्राद्ध झालं. मौद्याहून परतले ती सरळ कपाटाशी गेले. मनात आलं, तिनं सांगितलेलं एक काम राहिलंय. पुस्तक पुरं करायचं आणि आत लिहायचं. ताईचा पलंग अजून पुढच्या खोलीतच आहे, त्यावर बसून मी शेवटची दोन प्रकरणं वाचली.

त्यांत भयंकर असं काहीच नव्हतं. मैत्रीण खुर्ची ओढून बसते आणि सांगते. नर्सबाई म्हणतात, बरं झालं तू सांगितलंस, मला सगळ्यांसमोर नाटक करून थकवा आला होता. मग त्या कामाला लागतात. भावाशी बारा वर्षांचा अबोला असतो, त्याला बोलावून घेतात. दोघं लहानपणीचं बोलतात. कुणी कुणाचं काय चोरून खाल्लं होतं, असलं. हसतात. कोणती साडी कुणाला द्यायची ते ठरवतात. शेवटच्या पानावर त्या लिहितात की आजारापेक्षा भोवतालची कुजबुज मला जास्त बोचली. पुस्तक संपतं. मला एवढ्याची भीती वाटली होती.

मग मी कव्हर काढलं. नखानं दाबलेले कोपरे सहज सुटेनात.

आतल्या बाजूला, वरच्या अर्ध्या भागात, ताईचं अक्षर होतं. ओळी खाली उतरत गेलेल्या. म्हणजे डोळे बिघडू लागले होते तेव्हाचं, माझ्याकडे यायच्या आधीचं. ते असं होतं :

‘हे पुस्तक मी मौद्याले वाचलं. या बाईनं सगळं खरं सांगतलं. माहा पोरगा मले अल्सर म्हन्ते अन् न्हाणीत जाऊन रडते. मले समजलं आहे. पन त्याच्याशी बोलता येत नाही, तो लेकरू आहे. मी आता तुह्या घरी राह्याले येनार आहे. हे पुस्तक तुले मोठ्यानं वाचाले सांगीन. शेवटचे दोन धडे आले का तुले आपोआप सांगनं होईन. मी रडीन, तू घाबरू नोको. मंग आपन बोलू. मले बी तुले एक गोष्ट सांगाची आहे, लय वर्षाची राहिली.’

मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. शाळेत असताना पुढच्या वर्गाचं सगळं ती मला आधी लिहून ठेवायची. या खेपेलाही लिहून ठेवलं होतं. फक्त मी उघडलं नाही. ‘उघड ना वं, आताच उघड,’ असं ती म्हणाली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, आंबे, सोमवार, टाळ्या, आणि तरी मला आणखी एक संधी दिली. आणि मी नियम पाळला.

दुसऱ्या दिवसापासून मी कपाटातल्या सगळ्या पुस्तकांची कव्हरं काढली. भाच्याला सांगून मौद्याची पुस्तकंही मागवली. तो विचारत होता, काहून पाहिजे? मी म्हटलं, आठवण म्हणून. मी ती एक गोष्ट शोधत होते. कुठे अर्धी ओळ, एखादा शब्द, कशाचा तरी रोख. आईचं काही? माझं? मला शिकवलं आणि तिला दहावीनंतर उठवलं, त्याचं काही? साप, माती, साहेब, दिवाणजी, सगळं पुन्हा वाचलं. खोलीभर खाकी कागद पसरले होते. सगळीकडे पुस्तकांबद्दलच लिहिलेलं होतं. भेकड लेखकाबद्दलची ती ओळही सापडली. ती गोष्ट कुठेच नव्हती. ती ताईला लिहायची नव्हती, बोलायची होती.

भाच्याला हे मी सांगितलेलं नाही. सांगायला हवं, हे कळतं. पुढच्या रविवारी तो येणार आहे, तेव्हा खुर्ची ओढून बसेन.

आज सकाळी नर्सबाईंच्या पुस्तकाला ते कव्हर परत घातलं. घालायच्या आधी पेन्सिल घेतली. खालचा अर्धा भाग माझा होता. लिहिलं :

‘पुस्तक चांगलं आहे. शेवट खरा आहे. मी खोटा वाचला होता, ताई.’